मुलं आवडतात, पण दिवस आवडत नाही

"मुलं म्हणजे माझा जीव आहेत हो, पण दिवसभर त्यांच्याबरोबर राहून मला आनंद काही होत नाही. मी वाईट आई आहे का?"

समुपदेशनासाठी येणाऱ्या आयांकडून हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. शब्द प्रत्येकीचे वेगळे असतात. कोणी म्हणते कंटाळा येतो, कोणी म्हणते मी मशीन झालेय, कोणी काही न बोलता आधी रडून घेते, पण आतली काळजी एकच. आणि बहुतेक जणी हे आधी कोणाला बोललेल्याच नसतात, कारण बोललं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "अगं हेच तर दिवस असतात, मजा कर, नंतर आठवतील बघ." सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणारीला वाटतं की म्हणजे मजा समोर मांडून ठेवलीये आणि मलाच ती घेता येत नाहीये, दोष माझ्यातच आहे. मग ती पुन्हा तो विषय काढत नाही.

म्हणून आज एकीचा अनुभव जरा सविस्तर सांगते. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. नाव देत नाही, गरज पण नाही.

ती नाशिकची, तिशीतली, एम.कॉम. झालेली. सीएच्या ऑफिसात कामाला होती, दुसरं बाळ झाल्यावर नोकरी सोडली आणि आता घरूनच काही छोट्या दुकानदारांचं जीएसटीचं काम बघते. त्यामुळे महिन्याची ११ आणि २० तारीख, म्हणजे रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखा, जवळ आल्या की तिच्या डोक्यावर टेन्शन असतं. थोरली पाच वर्षांची, सीनियर केजीत. धाकटा दोन पूर्ण. नवरा अंबडच्या एमआयडीसीत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड, मग नाईट. सासू-सासरे निफाडकडे गावी, द्राक्षबाग आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत त्यांना बाग सोडून येता येत नाही. म्हणजे घरात भांडण नाही, कोणी छळत नाही, पैशाची तशी ओढाताण नाही, आणि हेच तिला जास्त खात होतं. "मला काही कमी नाहीये मॅडम, तरी मी अशी का?"

तिनं दिवस सांगितला तो तुमच्या-माझ्या घरात असतो तसाच. डबा, युनिफॉर्म, व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न, एक सॉक्स सापडतोय दुसरा नाही, धाकटा कडेवरून खाली उतरायला तयार नाही, गॅसवर दूध. पण त्यात ती एक वाक्य बोलली ते मी डायरीत लिहून ठेवलं. म्हणाली, "मी दिवसभर पुढच्याची वाट बघत असते. व्हॅन कधी येईल, हा कधी झोपेल, ती घरी आली की हिचा होमवर्क कधी संपेल, जेवणं कधी होतील. आणि रात्री दोघं झोपली की फोनमध्ये त्यांचेच जुने फोटो बघत बसते आणि रडू येतं, की आजचा पण दिवस गेला."

आता इथं आनंद कसा शोधायचा वगैरे बोलायच्या आधी एक काम करावंच लागतं. आजार आहे का ते बघणं. बाळंतपणानंतरचं डिप्रेशन ओळखायला एक प्रश्नावली जगभर वापरतात, एडिंबरा स्केल म्हणतात तिला, १९८७ साली आली, फक्त १० प्रश्न. तिच्यातले पहिले दोन प्रश्न बघा कशाबद्दल आहेत. एक हसण्याबद्दल, म्हणजे गमतीच्या गोष्टीत गंमत दिसतेय का, आणि दुसरा पुढच्या गोष्टींची आनंदानं वाट बघता येतेय का याबद्दल. दुःख, रडू हे सगळं नंतर येतं. म्हणजे आईचं हसू हरवणं ही डॉक्टरांच्या लेखी पण साधी गोष्ट नाही. हिचं बाळ आता दोन वर्षांचं होतं तरी मी त्याच धर्तीवर सगळं विचारलं. झोप, भूक, जीव नकोसा वाटतो का, मुलांना काही करून बसेन अशी भीती वाटते का. हे प्रश्न विचारताना समोरची दचकते, पण विचारावेत. पंधरा दिवस सलग सगळ्यातूनच मन उडालेलं असेल, मुलांतूनच नाही तर चहातून, मैत्रिणीतून, आवडत्या सिरियलीतून सुद्धा, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी मानसोपचार तज्ज्ञांकडे जायचं. आणि मरणाचे किंवा मुलांना इजा करायचे विचार येत असतील तर पंधरा दिवस पण मोजायचे नाहीत, त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगायचं आणि डॉक्टर गाठायचे. जवळ कोणी डॉक्टर माहीत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री पण.

हिचं तसं नव्हतं. बहिणीचा फोन आला की ती खुलायची, कामाचा हिशोब जुळला की तिला बरं वाटायचं. पण धाकटा अजून रात्री दोनदा-तीनदा उठायचा आणि ती जिने चढताना धापा टाकायची. मी म्हटलं आधी रक्त तपासून या, सीबीसी आणि थायरॉइड. थायरॉइड ठीक निघालं, हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास. बाईचं ते १२ च्या वर असावं. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या शरीरानं घर ओढतायत आणि स्वतःला आळशी, चिडकी, वाईट आई म्हणवून घेतायत. मला याचा खरंच राग येतो. डॉक्टरांनी तिला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चहाबरोबर गोळी घ्यायची नाही हे पण सांगितलं, कारण चहानं लोह अंगी लागत नाही, आणि आपल्याकडे तर गोळी चहाच्या घोटाबरोबरच जाते.

रक्ताचं झालं, पण तिचा मूळ प्रश्न होता तिथंच होता. मुलांबरोबर मजा का येत नाही.

मी तिला एक जुना अभ्यास सांगितला. २००४ साली 'सायन्स' मासिकात आला होता, मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी अमेरिकेत टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा एकेक तुकडा आठवून लिहायला लावला, त्या वेळी काय करत होतात आणि कसं वाटत होतं. त्यात मुलांचं करणं हे स्वयंपाकाच्या आणि टीव्ही बघण्याच्याही खाली आलं, घरकामाच्या जरासंच वर, आणि ऑफिसला जाण्यायेण्याच्या वर. ती ऐकतच राहिली. "म्हणजे सगळ्यांनाच?" सगळ्यांनाच आणि प्रत्येक वेळी असं नाही, पण हजारभर बायकांचं मिळून हे उत्तर आलं. आणि यातल्या कितीतरी बायकांना विचारलं असतं की आयुष्यात सगळ्यात मोठं सुख काय तर मुलं असंच म्हणाल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. दोन्ही खरं आहे. मूल हवंहवंसं असणं वेगळं आणि त्या मुलाचं नाक पुसत, पाठी पळत, तिसऱ्यांदा चड्डी बदलत दुपार काढणं वेगळं.

दुसरं पण एक सांगितलं. एडवर्ड ट्रॉनिक म्हणून बालमानसशास्त्रज्ञ आहेत, आई आणि तान्ह्या बाळाचे व्हिडिओ क्षणाक्षणाला थांबवून अभ्यासले त्यांनी. चांगल्या, प्रेमळ, निरोगी जोड्यांमध्ये सुद्धा आई आणि बाळाचा सूर जुळलेला वेळ साधारण ३० टक्केच निघाला. बाकी वेळ बाळ इकडे बघतंय आई तिकडे, बाळाला थांबायचंय आई खेळवतेय, असं चुकत असतं आणि मग पुन्हा जुळतं. बाळ शिकतं ते या पुन्हा जुळण्यातून. तिनं मोबाईलवर कुठून कुठून ॲक्टिव्हिटी जमवून आठवड्याचं टाइमटेबल केलेलं होतं, सोमवारी बोटांनी रंगकाम, मंगळवारी रंगीत तांदूळ वाट्यांत भरायचे, असं. तासभर तयारी करायची आणि धाकटा तीन मिनिटांत उठून फ्रिज उघडायला जायचा. मग ही चिडायची, तो रडायचा, आणि ती म्हणायची बघा, मला जमत नाही. मी म्हटलं ते टाइमटेबल आधी काढा फ्रिजवरून. दोन वर्षांच्या मुलानं तीन मिनिटं एका जागी बसणं हे वयाला धरून आहे, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही.

इतकं सगळं बोलून तिला जरा हलकं वाटलं, पण हलकं वाटणं म्हणजे आनंद नाही ना. तो भाग पुढच्या भेटीत झाला आणि मला वाटतं या गोष्टीतली खरी गोष्ट तीच आहे.

ती आली ती वैतागून. २० तारीख होऊन गेली होती. म्हणाली, "मॅडम, परवा तर कहर झाला." एका क्लायंटचा फोन होता, बिल सापडत नव्हतं, ही लॅपटॉपवर. स्वयंपाकघरातून आवाज येत नव्हता. लहान मुलं असलेल्या घरात आवाज नसणं म्हणजे काय ते आयांना सांगायला नको. ही फोन कानाला लावूनच आत गेली तर धाकट्यानं ओट्याखालचा तांदळाचा डबा ओढून उघडलेला. थोरली शाळेतून आलेली, युनिफॉर्मवरच खाली बसलेली आणि तिनं फरशीवर तांदूळ पसरून आजोबांची बाग केली होती. सगळे चमचे ओळीत मांडलेले, ते वेलींचे खांब. दोऱ्याचं रीळ सोडून चमच्यांवरून तारा ओढलेल्या. मधून रस्ता ठेवलेला, ट्रॅक्टर जायला. आणि धाकटा डब्यात मूठ घालून वरून तांदूळ टाकत होता आणि ओरडत होता, "पाऊच! पाऊच!" थोरली त्याच्यावर खेकसतेय, "अरे आत्ता नको पाऊस, मणी तडकतील, आजोबा रडतील!"

हे सांगताना ती "पाऊच पाऊच" त्याच्या आवाजात म्हणाली, हात वर करून मूठ उघडून दाखवली. थोरलीची भुवई उडवायची पद्धत करून दाखवली. आणि "आजोबा रडतील" ला तिला स्वतःलाच इतकं हसू आलं की पुढचं बोलता येईना, पदर नव्हता म्हणून ओढणीनं डोळे पुसले.

मी थांबले. मग म्हटलं, "हसताय तुम्ही."

"हो, पण हे आत्ता," ती म्हणाली. "तेव्हा नाही हसले. तेव्हा मी ओरडले दोघांवर. फोनवर तो माणूस, आणि ते एवढे तांदूळ, निवडून भरत बसले नंतर. तेव्हा काही आनंदबिनंद नव्हता."

"पण आत्ता आहे?"

ती गप्प बसली. मग म्हणाली, "आत्ता आहे."

"हे तुम्ही कोणाला सांगितलंत?"

कोणालाच नाही. नवऱ्याला मेसेज टाकला होता, तो तिनं मला फोन काढून दाखवला. "तुझ्या मुलानं सगळा तांदूळ सांडला." त्यावर त्याचा अंगठा. बस.

म्हणजे बघा, त्या दुपारी घरात बाग होती, पाऊस होता, पाच वर्षांच्या मुलीला अवकाळी पावसानं द्राक्षाचा मणी तडकतो हे कळतंय आणि आजोबांचं दुःख कळतंय, आणि हे सगळं आईच्या डोळ्यांनी बारीकसारीक टिपलेलं होतं. चमच्यांच्या ओळी, रीळ, ट्रॅक्टरचा रस्ता. न बघता कोणाला हे आठवतं? ती तिथंच होती, पूर्ण होती. पण तिच्या मनात त्या दुपारचं नाव पडलं 'तांदूळ सांडला'. मी हे म्हटल्यावर ती चटकन म्हणाली, "म्हणजे एन्ट्री चुकीच्या लेजरला पडतेय." मला इतकं बरोबर सांगता आलं नसतं. रक्कम आलेली आहे, पण खर्चात लिहिली जातेय, मग महिन्याच्या शेवटी जमेला शून्य दिसणारच.

आता इथं काही लोक सांगतील की रोज रात्री वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहा. ज्यांना जमतं त्यांनी जरूर लिहाव्यात. पण लहान मुलांच्या आईला रात्री वही घेऊन बसायला सांगणं म्हणजे अजून एक काम लावणं असं माझं मत आहे, आणि चांगल्या गोष्टी लिहायला सांगितलं की बाई विचार करून 'मुलगी शहाण्यासारखी जेवली' असं काहीतरी लिहिते, ज्यात तिला स्वतःला काहीच गंमत आलेली नसते. मी हिला उलटं सांगितलं. चांगलं शोधू नका. दिवसातली सगळ्यात मोठी कटकट निवडा आणि ती कोणाला तरी पूर्ण सांगा, आवाज काढून, हातवारे करून, जशी मला सांगितलीत तशी. तक्रार एका ओळीत संपते. गोष्ट सांगायची तर कोण कुठं बसलं होतं, कोण काय म्हणालं, सगळं यावं लागतं, आणि ते सांगताना जे तेव्हा घाईत निसटलं ते हाताला लागतं.

सांगण्यातून आनंद मिळतो याला आधार पण आहे. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की चांगली घटना दुसऱ्याला सांगितली आणि समोरच्यानं मनापासून ऐकली की तिचा आनंद घटनेहून वेगळा, वरचा मिळतो. पण अट ती आहेच, समोरच्यानं मनापासून ऐकायला हवं. अंगठा दाखवून होत नाही. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार देणारा लागतो, आजीच्या गोष्टीत कोणी 'हं' म्हणायचं थांबलं की आजी पण थांबायची.

म्हणून नवऱ्याला बोलावलं. सुट्टीच्या दिवशी आला, बिचारा घाबरून आला होता की आता आपल्याला झापणार. साधा माणूस, मुलांवर जीव. त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं, "मॅडम, ती तांदूळ सांडला म्हणते तेव्हा मला वाटतं ती वैतागलीये. मी काही बोललो तर अजून चिडेल. म्हणून मी गप्प बसतो, नाहीतर म्हणतो की डबा वर ठेवत जा." डबा वर ठेव हे ऐकून तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी बघितलं, त्यानं पण बघितलं. त्याला मी फक्त एक शब्द दिला. उपाय सांगायचा नाही, डबा कुठं ठेवायचा ते नाही, फक्त "मग?" एवढं विचारायचं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि "मग?" तिथंच माझ्यासमोर तिनं त्याला पुन्हा ती बागेची गोष्ट सांगितली. ट्रॅक्टरच्या रस्त्यापाशी तो म्हणाला, "रस्ता ठेवला तिनं? खरंच?" आणि मग त्याला आठवलं की मागच्या सुट्टीत थोरली आजोबांच्या ट्रॅक्टरवर बसायला मिळालं नाही म्हणून दिवसभर रुसली होती. ती आठवण आईला माहीतच नव्हती.

पण हे करून भागत नाही, आणि इथं मला जरा जोर देऊन बोलायचंय. देशभराची वेळ वापराची पाहणी झाली २०१९ मध्ये, त्यात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटं. पाच तास आणि दीड तास. मुलांचं-म्हाताऱ्यांचं बघणं त्याशिवाय वेगळं मोजलेलं आहे. ज्या बाईला पाठ टेकायला वेळ नाही तिला गोष्ट सांग, आनंद घे असं सांगणं मला अन्याय वाटतो. म्हणून कामाची वाटणी हा आमच्या बोलण्यातला मोठा भाग होता. 'मदत करतो' असं नाही, एक काम पूर्ण त्याचं. त्यांनी ठरवलं धाकट्याची आंघोळ. फर्स्ट शिफ्टला संध्याकाळी, सेकंड शिफ्टला सकाळी. टॉवेल, तेल, कपडे शोधणं, नंतर बाथरूम पुसणं सगळं त्याच्याकडे, आणि तिनं बाथरूमच्या दारात उभं राहून "कानात पाणी जातंय रे" म्हणायचं नाही. हे तिला पहिल्यांदा फार जड गेलं. ती आत कणीक मळत उभी असायची आणि कान बाहेर. पण आठवड्या-दोन आठवड्यांत नवऱ्याकडे पण सांगायला गोष्टी यायला लागल्या. मग्गा डोक्यावर उपडा घालून धाकटा 'हेल्मेट' म्हणाला, बाबासारखी गाडी चालवत बसला, पाणीच घालू देईना. आता ती विचारायची, "मग?"

झोपेचं पण बघितलं. सुट्टीच्या आदल्या रात्री धाकटा उठला तर बाबा उठणार. धाकट्यानं दोन रात्री आई आई करून घर डोक्यावर घेतलं, मग बाबाच्या पोटावर झोपायला शिकला. आठवड्यात एक रात्र सलग झोप, एवढीच, पण तिनं ती रात्र माझ्याकडे कितीतरी वेळा बोलून दाखवली.

मुलांना पण यात घेता येतं आणि ते मला फार आवडतं. रात्री झोपताना त्यांना त्यांचीच गोष्ट सांगायची. "आज ना एक मुलगी होती, तिनं स्वयंपाकघरात बाग लावली." पाच वर्षांची लगेच ओळखते, "मीच ती!" आणि आई विसरली तर दुरुस्त करते, चमचे सहा नव्हते आठ होते. रॉबिन फिवश आणि इलेन रीस या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं यावर काम केलंय, ज्या आया झालेल्या गोष्टी मुलांशी भरभरून, प्रश्न विचारत बोलतात त्यांच्या मुलांना स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी जास्त तपशिलात आठवतात आणि सांगता पण येतात. एक फायदा मी स्वतः घराघरात बघते, दुपारी आई ओरडली असेल तर रात्रीच्या गोष्टीत ते पण येतं. "मग आई खूप ओरडली." "हो, मला भीती वाटली." "मला फोनचं टेन्शन होतं गं. तुझी बाग छान होती." ट्रॉनिक ज्याला पुन्हा जुळणं म्हणतात ते हेच की, आणि त्यासाठी वेगळी माफी मागायचा कार्यक्रम लागत नाही.

मला बऱ्याच जणी विचारतात की नवरा ऐकणाराच नसेल तर? किंवा एकटीच वाढवतेय, किंवा परदेशात आहे, आजूबाजूला मराठीत बोलायला कोणी नाही. तर ऐकणारा नवराच हवा असं कुठं लिहिलंय? माझ्याकडे न्यू जर्सीहून ऑनलाइन येणारी एक आई आहे, ती मुलाला पाळणाघरातून आणताना पार्किंगमध्ये बसून सांगलीला आपल्या आईला व्हॉइस नोट टाकते, तिकडे मध्यरात्र असते, आई सकाळी उठल्यावर ऐकते आणि उत्तरात तिच्या लहानपणीचं काहीतरी सांगते. बहीण चालेल, ऑफिसची मैत्रीण चालेल, बिल्डिंगमधल्या काकू चालतील. फक्त फॅमिली ग्रुपवर टाकू नका असं मी म्हणते. तिथं आपण गोष्ट सांगत नाही, फोटो निवडतो, आणि फोटो निवडताना सांडलेला तांदूळ आपण फ्रेमच्या बाहेर ठेवतो.

आणि एक. ज्या दिवशी सांगण्यासारखं काही नसेल, नुसता ताप, उलट्या, रडारड, त्या दिवशी गंमत उकरून काढायची नाही. तो दिवस वाईट होता एवढंच सांगायचं. हिनं मला तसं विचारलं होतं, धाकट्याला दातांचा त्रास होता तेव्हा, की आज काहीच सापडलं नाही, म्हणजे मी पुन्हा मागे गेले का. नाही गेलात. दिवस वाईट होता.

आता ती कशी आहे? ११ आणि २० तारीख अजून अवघडच आहे. टाइमटेबल फ्रिजवरून गेलं, त्याऐवजी पोळ्या करताना दोघांना कणकेचा एकेक गोळा मिळतो, धाकट्याचा शेवटी फरशीला चिकटतो. हिमोग्लोबिन हळूहळू चढतंय. "मजा येते का?" असं मी विचारलं तर ती म्हणाली, "येते, पण कधी येणार ते सांगता येत नाही. कधी तेव्हाच येते, कधी रात्री बारा वाजता ह्याला सांगताना येते. पूर्वी मला वाटायचं दिवसभर यायला हवी." निफाडला फोनवर तिनं बागेची गोष्ट सासऱ्यांना पण सांगितली. ते शांतपणे ऐकून म्हणाले, तिला सांग, खांबातलं अंतर बरोबर धर, आणि पुढच्या वेळी आली की ट्रॅक्टरवर बसवतो. थोरलीनं तेव्हापासून दोनदा बॅग भरलीये.

नाईट शिफ्टच्या आठवड्याचं अजून जमत नाहीये. तो सकाळी येतो तेव्हा व्हॅनची घाई, मग तो झोपतो, उठतो तेव्हा तिचं काम चालू. सध्या असं ठरलंय की संध्याकाळी तो निघायच्या आधीचा चहा दोघांनी गॅलरीत बसून घ्यायचा आणि त्या दहा मिनिटांत मुलं मध्ये आली तरी चालतील, कारण गोष्ट त्यांचीच असते. जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या भेटीत वेगळी वेळ शोधू.